शिवारात विमान पडलं तर: पहिल्या तासात गावानं काय करायचं

गोंदियाच्या बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण चालतं. तिथली छोटी विमानं धानाच्या बांध्यांवरून आणि वैनगंगेच्या पट्ट्यावरून घिरट्या घालतात. अमरावतीजवळच्या बेलोऱ्यावरून एप्रिल २०२५ पासून प्रवासी सेवा सुरू झाली. नागपूर देशाच्या मध्यावर असल्यामुळे मोठी विमानं डोक्यावरून सतत जात असतात. गडचिरोलीत पोलिसांची हेलिकॉप्टरं उडतात आणि निवडणूक आली की तालुक्या-तालुक्यात हेलिपॅड तयार होतात. अपघात क्वचितच होतो. पण झाला तर तो धावपट्टीवरच होईल असं नाही, वावरात, बांधीत, नदीपात्रात किंवा जंगलातही होतो. अग्निशमनाची गाडी तालुक्याच्या गावी असते आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर तिचं चाक रुततं. त्यामुळे पहिले पोचतात ते निंदणाला आलेल्या बाया, गुराखी, शेजारच्या वावरातला ट्रॅक्टरवाला. हा मजकूर त्यांच्यासाठी आणि सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल यांच्यासाठी आहे.

सगळ्या कामाचा नियम एकच आहे. जीव वाचवण्यासाठी जे हलवावं लागेल ते बेधडक हलवा, बाकी काडीलाही हात लावू नका आणि जे हलवलं ते लिहून ठेवा. विमान अपघात तपासाच्या नियमांतही हेच आहे. तपास यंत्रणेच्या परवानगीशिवाय अवशेष हलवता येत नाहीत, पण माणसं किंवा जनावरं बाहेर काढायला, आग रोखायला आणि लोकांना असलेला धोका टाळायला मुभा आहे. म्हणजे दार तोडून वैमानिकाला बाहेर काढलं म्हणून कोणी दोषी ठरत नाही. ‘आपल्यावर केस होईल’ या भीतीनं लांब उभं राहणं ही पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

आपल्याकडे कसले अपघात होतात

२६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून उडालेलं प्रशिक्षण विमान देवरी गावाजवळ वैनगंगेवर ताणलेल्या केबलला अडकून कोसळलं. विमानातल्या दोघांचाही मृत्यू झाला. १८ मार्च २०२३ ला बिरसीचंच दुसरं प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगराळ जंगलात पडलं, त्यातही दोघं गेले. मे २०१७ मध्ये मराठवाड्यात निलंग्याला मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडाल्याबरोबर खाली येऊन विजेच्या तारांत अडकलं, पण आतले सगळे वाचले.

तीन घटनांवरून आकडेवारी होत नाही. तरी छोट्या विमानांत आणि हेलिकॉप्टरांत जगभर जो कल दिसतो तोच इथंही दिसतो. उड्डाण कमी उंचीवरचं असतं आणि मध्ये तारा, डोंगर किंवा झाडं येतात. आत माणसं दोन ते सहा असतात. हेलिकॉप्टरचा धोका उतरताना आणि उडताना जास्त, म्हणजे नेमकी गर्दी असते तिथंच. गावाच्या तयारीसाठी यातून एक गोष्ट निघते: शंभर मृतदेहांची नव्हे, दोन-चार गंभीर जखमींची तयारी ठेवा. ती कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे.

मोठ्या अपघातातही गावच आधी पोचतं. ७ ऑगस्ट २०२० ला केरळमध्ये कोळिकोडच्या विमानतळावर भर पावसात विमान धावपट्टीवरून दरीत गेलं. विमानात १९० जण होते. आसपासच्या लोकांनी कोविडच्या काळातही स्वतःच्या गाड्यांतून जखमींना रुग्णालयात नेलं. २१ मृत्यू झाले, बाकीचे वाचले.

आणि पुरावा का जपायचा? विमानवाहतुकीचे नियम अपघातांच्या तपासातून तयार होतात. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसं शेतांत कोसळली. त्यानंतर मोठ्या विमानांवर टक्करीचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. २०१० च्या मंगळूरु अपघातात १५८ जण गेले. त्यानंतर २०१२ मध्ये तपासासाठी विमान अपघात अन्वेषण ब्युरो, म्हणजे एएआयबी, उभा राहिला. नियम करणारं आणि परवाने देणारं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय वेगळं आणि अपघाताचं कारण शोधणारा ब्युरो वेगळा, ही वाटणी महत्त्वाची आहे. ब्युरोचं काम शिक्षा देणं नाही. तेच पुन्हा घडू नये म्हणून तो कारण शोधतो. तुमच्या वावरात पडलेला तुटका नट हे त्या कारणाचं टोक असू शकतं.

पहिली पाच मिनिटं: फोन

पळत सुटण्याआधी एकानं जागेवर थांबून ११२ लावायचा. दुसऱ्यानं १०८ लावायचा, तिसऱ्यानं जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करायचा. सगळ्यांनी एकाच नंबरवर तुटून पडू नये. फोनवर हे सांगायचं:

– जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची ठळक खूण: मामा तलाव, पाट, शाळा, जिनिंग, टॉवर.
– मोबाइलच्या नकाशावर जागेवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे येतात. ते वाचून दाखवा. नेट नसेल तर साध्या एसएमएसनं पाठवा.
– विमान की हेलिकॉप्टर, छोटं की मोठं, आग आहे की नाही, किती माणसं दिसतात.
– कुठल्या रस्त्यानं गाडी येईल आणि कुठल्या रस्त्यानं येणार नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. नकाशा पांदण रस्ता दाखवतो, पण त्यावर गुडघाभर चिखल आहे हे त्याला ठाऊक नसतं. डांबरी रस्त्यावर फाट्याला एक माणूस दुचाकी घेऊन उभा करा आणि त्याचा नंबर ११२ ला द्या. रुग्णवाहिका आत येणार नसेल तर तिला फाट्यावरच थांबवा आणि ट्रॉलीत तणस अंथरून जखमीला तिथवर आणायची तयारी करा.

विमानाच्या अंगावरची अक्षरं दिसत असतील तर तीही कळवा. भारतातल्या नागरी विमानावर इंग्रजीत ‘व्हीटी’ आणि पुढे तीन अक्षरं असतात. वायुसेनेच्या विमानावर केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ असतं. या एका फरकानं पुढची सगळी यंत्रणा बदलते.

जवळ कसं जायचं

वारा पाठीवर घेऊन आणि चढाच्या बाजूनं जायचं. सांडलेलं इंधन उताराकडे वाहतं आणि त्याची वाफ जमिनीलगत पसरून नाली, पाट, विहिरीकडे जाते. काही छोट्या विमानांत पेट्रोलसारखं निळसर इंधन असतं, ते ठिणगीनं भडकतं. डिझेल इंजिनच्या प्रशिक्षण विमानांत आणि जेटमध्ये रॉकेलसारखं इंधन असतं. ते उशिरा पेटतं, पण गरम धातूवर पडलं की पेटतंच. वासावरून फरक ओळखत बसू नका, दोन्हींना पेट्रोल समजूनच वागा. बिडी नको. दुचाकी, ट्रॅक्टर १०० मीटरवर बंद करून ठेवा. मोबाइलनं स्फोट होईल की नाही हा वाद तिथं घालू नका, फोनची कामं लांबूनच करा.

आत जाणारे चार-पाच धट्टेकट्टे लोक पुरे. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, नाकातोंडावर मास्क असावा. नायलॉनची साडी, टेरिकॉटचा शर्ट आगीत अंगाला चिकटतो. आजकालची बरीच प्रशिक्षण विमानं काचतंतू आणि कार्बनतंतूंची असतात. ती जळली की तंतूंचा बारीक चुरा उडतो, कातडीत घुसतो, फुप्फुसात जातो. ओल्या दुपट्ट्यानं तो पूर्ण अडत नाही. फवारणीसाठी आणलेले एन-९५ मास्क घरात असतील तर तेच वापरा.

पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, तो थांबलेला असला तरी. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. पंखा हातानं हलला तरी इंजिन एक झटका घेऊ शकतं आणि तेवढ्यात हात जातो.

हेलिकॉप्टर असेल तर वरचं पातं पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा. वेग कमी होताना पात्याची टोकं खाली झुकतात आणि उंच माणसाच्या डोक्यापर्यंत येतात. हेलिकॉप्टर उतारावर पडलं असेल तर मात्र, वरच्या नियमाच्या उलट, खालच्या बाजूनंच जा, कारण चढाच्या बाजूला पातं जमिनीच्या जवळ असतं. शेपटीकडून कधीच नाही, तिथलं छोटं पातं फिरताना दिसतसुद्धा नाही. नेहमी समोरून, वैमानिकाच्या नजरेत राहून.

मोठ्या विमानाची चाकं गरम असतील तर त्यांच्याकडे आडवं जायचं नाही. चाक फुटलं की तुकडे दोन्ही बाजूंना उडतात. पुढून किंवा मागून जा.

आग

इंधनाच्या आगीवर बादलीनं पाणी टाकलं की पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं आणि आग पायाशी येते. गावात हीच चूक हमखास होते. कोरडी माती, रेती आणि पावडरचं अग्निशामक नळकांडं ही खरी हत्यारं. नळकांडी पेट्रोल पंपावर, राईस मिलमध्ये, जिनिंगमध्ये, शाळेत असतात. ६ किलोचं नळकांडं जेमतेम १५ ते २० सेकंद चालतं. म्हणून त्यानं अख्खं विमान विझवायला जाऊ नका. माणसापर्यंत जायची वाट मोकळी करायला ते वापरा. दोन-तीन मीटरवरून, आगीच्या बुडाशी, झाडल्यासारखं डावी-उजवीकडे मारायचं. दोन नळकांडी असतील तर दोघांनी एकाच वेळी मारा. एकामागून एक मारली तर मधल्या वेळात आग परत उठते.

पाण्याचा टँकर फुकट जात नाही. भोवतालचं वाळलं गवत, तणसाचे ढीग, उभा गहू भिजवायला तो लावा. आग पसरू नये म्हणून ट्रॅक्टरनं पट्टा काढायचा असेल तर विमान ज्या दिशेनं आलं त्या बाजूनं काढू नका. तिथं जमिनीवर पहिल्या धडकेच्या खुणा असतात. बाकीच्या तीन बाजू तुमच्या.

फवारणीचा पंप माणसाच्या अंगावर पाणी मारायला वापरू नका. कितीही धुतला तरी टाकीत आणि नळीत औषध उरतं, आणि भाजलेल्या कातडीतून ते थेट शरीरात जातं.

माणसं बाहेर काढणं

आग नसेल आणि इंधनही गळत नसेल तर घाई करू नका. पोटातलं, मणक्याचं दुखणं बाहेरून दिसत नाही. माणूस शुद्धीवर असेल तर त्याच्याशी बोला, मान हलवू देऊ नका, रक्त थांबवा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहा. वैमानिक बोलत असेल तर त्यालाच विचारा की इंधनाचा कॉक आणि मास्टर स्विच बंद केला का. तो सांगेल तेच बटण फिरवा. फिरवण्याआधी ते कुठल्या बाजूला होतं ते लक्षात ठेवा, शक्य असेल तर फोटो घ्या. बटणांच्या जागा तपासात फार बोलतात.

आग लागली असेल किंवा लागण्याच्या बेतात असेल तर मान-मणका बाजूला, आधी बाहेर. दार अडलं तर काच फोडायची, माणसाच्या डोक्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, सब्बलीनं. विमानाची काच प्लास्टिकची असते. ती गाडीच्या काचेसारखी चुरा होत नाही, तिचे धारदार फाळके निघतात, म्हणून कडेवर पोतं टाका. पट्टा खांद्यांवरून आणि कमरेवरून येऊन पोटाशी एका कुलपात अडकतो. ते कुलूप फिरवून किंवा झाकण उचलून सुटतं. नाही सुटलं तर विळ्यानं पट्टा कापा, विळ्याचं टोक अंगापासून बाहेर ठेवून. माणूस उलटा लटकला असेल तर आधी दोघांनी खांदे आणि डोकं तोलून धरा, मग पट्टा सोडा. नाही तर तो मानेवर पडतो.

बाहेर आणल्यावर वारा ज्या बाजूनं येतो तिकडे, निदान ५० मीटर लांब न्या. नेताना बाज, दाराची फळी, शिडीवर अंथरलेली सतरंजी चालते. चौघांनी एका दमात वळवायचं आणि डोकं धरणाऱ्याच्या हुकुमानं उचलायचं. दोघांनी हात-पाय धरून झोळी करून नेणं म्हणजे मोडलेला मणका आणखी मोडणं.

ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात. आधी गप्प पडलेल्याकडे जा. श्वास चालू आहे का, तोंडात रक्त किंवा तुटलेले दात आहेत का पाहा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर चार-पाच बोटं, सांध्यावर नाही, रुंद पट्टी आवळून बांधा आणि वेळ जखमीच्या कपाळावर पेनानं लिहा. ती पट्टी डॉक्टरच सोडतील. भाजलेल्या भागावर साधं स्वच्छ पाणी वीस मिनिटं हळूहळू ओता. हळद, टूथपेस्ट, शाई, तेल काही लावू नका. इंधनानं भिजलेले कपडे काढून टाका. आग नसली तरी इंधन कातडी जाळतं. अंगाला चिकटलेलं कापड मात्र ओढायचं नाही, भोवतीनं कापायचं. पाणी प्यायला देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते.

जो स्पष्टपणे गेला आहे आणि जिथं आग नाही, त्याला आहे तिथंच राहू द्या, चादर पांघरा. कोण कुठल्या आसनावर होता यावरून ओळखही पटते आणि विमान कोण चालवत होतं तेही कळतं. मृतांचे फोटो गावाच्या ग्रुपवर टाकू नका. घरच्यांना ती बातमी मोबाइलच्या पडद्यावरून कळू नये.

घटनास्थळ राखणं

इथून पुढचं काम पोलीस येईपर्यंत गावाचं आणि आल्यावर त्यांच्या हुकुमानं. आत-बाहेर करायला एकच वाट ठेवा. विटांनी, चुन्यानं किंवा पऱ्हाटीच्या काड्या रोवून ती आखा. नागरी विमान असेल तर शेवटच्या तुकड्याच्याही पलीकडे शंभर मीटरवर दोरी बांधा. गर्दी आवरायला बचत गटाच्या बाया आणि गणेश मंडळाची पोरं उत्तम, कारण त्यांचं ऐकलं जातं. गुरं त्या बाजूला सोडू नका.

जमिनीवर काय वाचायचं असतं ते ठाऊक असलं की ते का जपायचं हे आपोआप समजतं. पंख्यानं मातीत मारलेले आडवे घाव सांगतात की धडकेच्या क्षणी इंजिन चालू होतं की बंद. तुटलेल्या फांद्यांच्या उंचीवरून विमान किती तिरपं खाली आलं ते मोजतात. मुख्य ढिगाऱ्यापासून अर्धा किलोमीटर मागे पडलेला छोटा पत्रा फार मोलाचा असतो, कारण तो हवेतच सुटला असण्याची शक्यता असते. असा तुकडा सापडला तर उचलून ‘सगळं एका जागी’ जमा करू नका. मदतीच्या भावनेनं गावकरी नेमकं हेच करतात आणि अर्धा तपास तिथं संपतो. तुकड्याशेजारी काठी रोवा, वर रंगीत चिंधी बांधा, जागेचे आकडे टिपा.

फोटो लांबून सुरू करून जवळ या. आठही दिशांनी ढिगारा, मग जमिनीवरच्या खुणा. शेजारी फूटपट्टी किंवा काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळतो. पाऊस येणार असेल तर हे सगळं आधी करा, कारण काळी माती एका सरीत सगळ्या खुणा गिळते. नंतर ताडपत्री टाका, पण बांबूच्या आधारानं, तुकड्यांना न टेकवता.

ब्लॅक बॉक्स म्हणतात तो केशरी रंगाचा असतो आणि मोठ्या विमानांत शेपटीकडे असतो. छोट्या प्रशिक्षण विमानात तो नसूही शकतो. मग कॉकपिटच्या पडद्यातलं मेमरी कार्ड, वैमानिकाचा मोबाइल किंवा टॅब हाच पुरावा. त्याला चालू-बंद करू नका, चार्जिंगला लावू नका. ब्लॅक बॉक्स तलावात पडला तर बाहेर काढून वाळवू नका, पाण्यातच राहू द्या. हवा लागली की गंज आतल्या भागाला खातो. शेपटीजवळ एक छोटं यंत्र अपघातानंतर आपोआप संदेश पाठवतं. तो संदेश ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहामार्फत बेंगळूरुच्या केंद्रात पोचतो. त्याचा दिवा लुकलुकत असेल तर लुकलुकू द्या.

साक्षीदारांचं काम अगदी वेगळं आणि फार महत्त्वाचं आहे. ज्यांनी पाहिलं किंवा ऐकलं, त्यांनी आपसात चर्चा करायच्या आधी आपापलं लिहून काढायचं. लिहिता येत नसेल तर मोबाइलमध्ये बोलून ठेवायचं. कुठं उभे होतो, विमान कुठून कुठं गेलं, कुठल्या झाडाइतकं खाली होतं, आवाज एकसारखा होता की अडखळत होता की बंद झाला, धूर आधी की धडक आधी. ‘इंजिन फेल झालं’ असं लिहू नका, तो निष्कर्ष झाला. ‘फटफट आवाज आला, मग आवाजच आला नाही’ हे लिहा. चावडीवर एक गोष्ट ठरली की अख्खं गाव तीच सांगतं, आणि खरं पाहिलेला गुराखीही मग स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतो. टीव्हीवाल्यांना मुलाखत तपास पथकाला जबाब दिल्यावर.

वायुसेनेचं विमान किंवा आकाशातून पडलेली वस्तू

लढाऊ विमान असेल तर दोरी शंभर नाही, निदान ३०० मीटरवर. ४ जून २०२४ ला नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात शिरसगावजवळ सुखोई शेतात कोसळलं, दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर पडून वाचले. ज्या आसनातून ते बाहेर फेकले जातात त्याच्याखाली स्फोटक असतं. आसन न सुटता ढिगाऱ्यात राहिलं असेल तर ते केव्हाही उडू शकतं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा दांडा किंवा लाल त्रिकोणाची खूण दिसली की तिथून मागे फिरा. छत्रीनं उतरलेला वैमानिक चालताना दिसला तरी त्याला आडवं करा. आसन सुटतानाच्या धक्क्यानं मणक्याला मार बसतो. या विमानाचा तपास वायुसेना स्वतः करते.

२ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आकाशातून धातूचं मोठं कडं पडलं. आसपासच्या शिवारात गोलाकार टाक्याही सापडल्या. ते अवकाशातून परतलेल्या रॉकेटचे भाग होते. अशा टाकीत दाब किंवा विषारी इंधनाचे अंश असू शकतात. भंगार म्हणून बैलगाडीत टाकू नका, पोलीस पाटलाला कळवा. हैदराबादहून संशोधनासाठी सोडलेले मोठे फुगे आणि त्यांच्या पेट्याही विदर्भात, मराठवाड्यात उतरतात. त्या धोक्याच्या नसतात, पण उघडायच्या नाहीत. पेटीवरच्या नंबरवर कळवायचं.

आवाज आला, पण विमान दिसत नाही

नवेगाव, लांजी, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा प्रसंग जास्त संभवतो. वेळ, दिशा आणि आवाजाचं वर्णन लगेच ११२ ला द्या. ‘खात्री नाही’ म्हणून थांबू नका. वनरक्षक आणि पोलिसांना कळवल्याशिवाय टोळकी करून आत शिरू नये. शोधताना दहा-दहा मीटरवर माणसं एका ओळीत ठेवा आणि जमिनीइतकंच वर पाहा. ताजे मोडलेले शेंडे एका रेषेत दिसले तर ती रेष विमानाकडे जाते.

आधीची तयारी

ग्रामपंचायतीच्या एका पेटीत हे ठेवा: ६ किलोची दोन पावडरची नळकांडी, ज्यांचा दाबकाटा हिरव्यात आहे हे दर महिन्याला पाहायचं, दोन सब्बली, चार विळे, शंभर मीटर दोरी, दहा एन-९५ मास्क, जाड चामडी हातमोजे, दोन ताडपत्र्या, रुंद पट्ट्या. हे सामान पुरात, रस्ते अपघातात, घराच्या आगीतही लागतं, त्यामुळे पेटी पडून राहत नाही.

विमानतळाजवळच्या गावांसाठी नियम आणखी आहेत. १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा, मेलेली जनावरं टाकणं किंवा कातडी सोलणं मना आहे. त्यावर घारी-गिधाडं जमतात आणि एक घार इंजिनात गेली तरी पुरे होतं. मेलेली म्हैस खड्डा करून, चुना टाकून पुरा. फवारणीचा ड्रोन विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत आणि त्यापुढे, लाल-पिवळ्या म्हणजे परवानगी लागणाऱ्या क्षेत्राबाहेर, ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. उडवण्याआधी ही क्षेत्रं दाखवणारा सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशा पाहा. मनोरा, मोबाइल टॉवर, नदीवरून केबल टाकायची असेल तर उंचीची परवानगी आधी घ्या. वैनगंगेवरची केबल डोळ्यांपुढे ठेवून पंचायतीनं जुन्या, न वापरलेल्या तारा काढून टाकायचा ठराव करावा. धानाचं तणस पहाटे पेटवलं तर धूर धुक्यात अडकतो आणि शिकाऊ वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही. न पेटवता कुटार करून विका, ते बरं.

वावर परत मिळताना

तपास पथक आठवडाभर जागा अडवून ठेवू शकतं आणि उभं पीक तुडवलं जातं. पहिल्याच दिवशी तलाठी आणि कृषी सहायकाकडून लेखी पंचनामा करून घ्या: गट क्रमांक, किती आर, कुठलं पीक, किती दिवसांचं, विहीर किंवा बोअरमध्ये इंधन गेलं का. आगीचं नुकसान आणि गर्दीचं नुकसान वेगवेगळं लिहायला लावा. पुढे भरपाई मागताना या कागदावाचून काही हाती लागत नाही. जागा ताब्यात देताना पथकाकडून सफाई झाल्याचं लेखी घ्या. इंधन मुरलेली माती काढून न्यायला सांगा, नाही तर तिथं पुढच्या हंगामात बियाणं उगवत नाही. जळालेले तंतू दिसत असतील तर तिथलं गवत त्या वर्षी गुरांना घालू नका. नांगरताना फाळाला पुन्हा एखादा तुकडा लागला, अगदी दोन वर्षांनीही, तरी ट्रॅक्टर तिथंच थांबवा, जागा टिपा आणि पोलीस ठाण्याला कळवा. अहवाल निघाल्यावरही नवा पुरावा मिळाला तर तपास पुन्हा उघडता येतो.